जाम पिस्टन आणि घरातली ग्रीसगन

निरवांगी, ता. इंदापूर

चि. बाळास,


मोटारसायकलचं पुढचं चाक स्टँडवर हातानं फिरत नाही आणि डिस्कला हात लावला की चटका बसतो, हे कळलं. कॅलिपर खोलण्याआधी गाडी गार होऊ दे. चाक अडलेलं असतानाच ब्लीडरचा स्क्रू किंचित सैल कर. तेल चिळकून चाक सुटलं, तर पिस्टन बिचारा निर्दोष आहे. मास्टर सिलिंडरचं बारीक भोक तुंबलंय किंवा ब्रेकची नळी आतून फुगलीय. तरीही चाक अडलेलंच राहिलं, तर बहुतेक पिस्टन धरलाय असं समज.

आमच्या आरएक्स शंभरला ड्रम ब्रेक होते, हे दुखणं नव्हतं. डिस्कचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात उसाच्या वाटेवरचा चिखल फाटक्या डस्ट सीलमधून आत गेला, की गंज चढतो.

पक्कडीनं पिस्टन ओढू नकोस. ओरखडा पडला की तिथून तेल गळणारच. त्याला आतूनच ढकलायचं. नळी जोडलेलीच ठेव, कॅलिपर डिस्कवरून उतरव, पॅड काढ आणि लिव्हर दाबत राहा. मास्टर सिलिंडरच्या डबीतलं तेल संपू देऊ नकोस. दोन पिस्टन असतील तर सैल असलेला शिकंज्यानं दाबून धर. तो आधी बाहेर पडला, की दाब गेला आणि जाम झालेला जागीच राहिला.

एवढ्यानं नाही हलला, तर ट्रॅक्टरची ग्रीसगन घे. ती आपल्याकडे घरोघर असते. आता नळी काढ, तिच्या भोकात त्याच आट्यांचा निप्पल बसव, ब्लीडर बंद कर आणि सावकाश पंप मार. ग्रीस दबत नाही, म्हणून पिस्टन मुंगीच्या पावलानं येतो. पंक्चरवाल्याच्या हवेनं मात्र काढू नकोस. दबलेली हवा एकदम सुटते आणि पिस्टन गोळीसारखा उडतो. बोट मध्ये असलं तर ठेचलंच.

पिस्टन निघाला की पोरं खूश होतात, पण खरं काम पुढंच आहे. सील ज्या खाचेत बसतं, तिथं पांढरी भुकटी घट्ट जमलेली असते. तीच सीलला मागून रेटते आणि सील पिस्टनला आवळतं. लिव्हर सोडल्यावर पिस्टनला किंचित मागं ओढणारंही हेच चौकोनी रबर. खाच राहिली, तर नवं सील घालूनही महिन्याभरात पुन्हा तेच. लाकडाच्या किंवा पितळेच्या टोकानं ती खरवड, स्क्रूड्रायव्हरनं नाही.

ग्रीसचा कणही आत ठेवू नकोस. स्पिरिटनं धू, डिझेल-रॉकेल नको, त्यानं नवी रबरं फुगतात. पिस्टनवर नख अडकेल असा खड्डा असेल तर नवाच आण. नवी सीलं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून हातानंच बसव. ते तेल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओत.

शेवटी हवा काढ. लिव्हर स्पंजासारखी लागली, तर गाडी गल्लीबाहेर नेऊ नकोस.

तुझे,
आबा