विवाह आणि विवाहाचा दाखला

विवाह विधीनें घडतो कीं वचनानें, हा वाद आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. परंतु विवाह कागदानें घडतो काय, हा प्रश्न त्यांना सुचण्याचें कारण नव्हतें. कारण ज्या समाजासाठीं ते लिहीत होते त्यांत वधूवरांना ओळखणारीं माणसें नेहमीं हांकेच्या अंतरावर असत. आज तो प्रश्न बीड जिल्ह्यांतील लहानशा गांवींही येऊन ठेपला आहे. नवरा परदेशीं नोकरीस असतो, बायको येथें असते, आणि तिला त्याच्याकडे जावयाचें असतें. वकिलातींतून विचारणा होते कीं, हा पुरुष तुझा पति आहे यास पुरावा काय? मुसलमान कुटुंब काजीनें उर्दूंत लिहून दिलेला निकाहनामा पुढें करतें. पुष्कळदां उत्तर मिळतें कीं, हा धार्मिक कागद झाला, सरकारी दाखला आणा. ज्या निकाहास सारा मोहल्ला जेवून गेला तो अकस्मात् संशयास्पद ठरतो, आणि घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनाला तें लागतें. हें लागणें कितपत योग्य व दाखल्याचा आग्रह कितपत न्याय्य, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धार्मिक विवाह आणि नागरी विवाह हे परस्परविरोधी प्रकार आहेत, अशी आपली समजूत असते. सप्तपदीकडे पाहून ती झाली असेल. निकाहास ती नीटशी लागू पडत नाहीं. निकाह हा मूलतः करार आहे. एका पक्षानें प्रस्ताव करावयाचा, दुसऱ्यानें त्याच बैठकींत 'कुबूल' म्हणावयाचें, वधूचा मेहर ठरावयाचा आणि सुन्नी मताप्रमाणें दोन साक्षीदारांनीं तें ऐकावयाचें, कीं विवाह पूर्ण झाला. मुसलमानी विवाह हा संस्कार नसून केवळ नागरी करार होय, हा अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ति सय्यद महमूद यांनीं १८८६ सालीं दिलेला निर्वाळा कायद्याच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. लेख ही या कराराची अट नव्हे. विवाहास काजी हजर असलाच पाहिजे असेंही नाहीं; १८८० च्या काजी-कायद्यानें तें स्पष्ट केलें आहे. तेव्हां निकाहनामा हाही विवाह नव्हे, ती विवाहाची नोंद आहे. काजीचें दफ्तर काय आणि ग्रामपंचायतीचें दफ्तर काय, आवाजानें घडून गेलेल्या एका गोष्टीची मागाहून लिहिलेली साक्ष हेंच दोहोंचें स्वरूप. त्यांतील एक पवित्र आणि दुसरी परकी मानण्यास सबळ कारण दिसत नाहीं.

सरकारी दाखला म्हणतात तोही एकाच प्रकारचा नाहीं, आणि हा भेद जाणून घेतल्यावांचून पुष्कळ जण पुढें पाऊल टाकतात. १९९८ च्या महाराष्ट्रांतील विवाहनोंदणीच्या कायद्याप्रमाणें कोणत्याही धर्माच्या रीतीनें झालेला विवाह नव्वद दिवसांच्या आंत नोंदवावयाचा असतो. अर्जावर वधूवरांच्या, साक्षीदारांच्या व विवाह लावणाऱ्याच्या सह्या लागतात. येथें निकाह निकाहच राहतो. त्याची वार्ता तेवढी सरकार आपल्या वहींत लिहून ठेवतें. दुसरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह-कायद्याचा. पूर्वीं झालेला विवाहही त्याखालीं नोंदवितां येतो; परंतु त्यासाठीं उभयतांचें वय एकवीस वर्षें पूर्ण लागतें, तीस दिवसांची नोटीस लागते, आणि अशी नोंद झाल्यावर त्यांचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा-कायद्याप्रमाणें चालतो. केरळांतील एका मुसलमान वकिलानें आपल्या मुलींना पूर्ण वारसा मिळावा म्हणून २०२३ च्या महिलादिनीं आपल्याच पत्नीशीं या कायद्याखालीं पुन्हां विवाह केला. त्यानें तें समजून केलें. व्हिसाच्या घाईनें जो त्या वाटेनें जाईल त्यानेंही तें समजूनच जावें.

आतां वकिलातीच्या प्रश्नाकडे वळूं. विवाह झाल्याचा पुरावा मागणें ही एक गोष्ट, आणि ही तुमची रीत म्हणजे विवाहच नव्हे असें म्हणणें ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाल्यानें केवढा अनर्थ होतो, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. १९१३ च्या मार्च महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंतील केप प्रांताच्या कोर्टांत हसन इसप या हिंदी गृहस्थाची पत्नी बाई मरियम हिच्या प्रवेशाचा प्रश्न आला. न्यायमूर्ति सर्ल यांनीं निर्णय तिच्याविरुद्ध दिला. बहुपत्नीत्वास मुभा देणाऱ्या धर्माप्रमाणें झालेला विवाह तेथील कायद्यास मान्य नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या निवाड्यानें हिंदु, मुसलमान, पारशी अशा सर्वच हिंदी स्त्रियांच्या पत्नीपदावर गदा आली. गांधीजींनीं तो प्रश्न सत्याग्रहांत घेतला, स्त्रियाही चळवळींत उतरल्या, आणि कस्तुरबांना त्याच वर्षीं तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९१४ च्या कायद्यानें एकपत्नीक हिंदी विवाहांना मान्यता मिळाली. पत्नीचा प्रवेश ही केवळ दफ्तरी बाब नसून अब्रूची बाब आहे, हें त्या स्त्रियांनीं जगास दाखविलें.

आजचा सामान्य नियम त्या मानानें पुष्कळ उदार आहे. जेथें विवाह झाला तेथील कायद्यानें तो वैध असल्यास इतर देश बहुधा तो मानतात. म्हणून बीडमध्यें झालेला निकाह इंग्लंडांत विवाह म्हणून उभा राहूं शकतो. उलट लंडनमध्यें १९९८ सालीं झालेला एक निकाह, त्यास नागरी विधीची जोड नसल्यामुळें, तेथील अपील कोर्टानें २०२० सालीं कायद्याच्या दृष्टीनें विवाहच नव्हे असें ठरविलें. दाद मागणारी स्त्री चार मुलांची आई होती. शब्द तेच, साक्षीदार तसेच. परंतु त्या भूमीवर कायद्याचे कान ते ऐकण्यास उघडे नव्हते.

याच्या अगदीं उलट प्रकार आपल्या सुप्रीम कोर्टापुढें २०२४ च्या एप्रिलमध्यें आला. एका हिंदु जोडप्यानें विवाहविधि न करतांच एका संस्थेचें प्रमाणपत्र मिळवून नोंदणी करून घेतली होती. कोर्टानें सांगितलें कीं, विधि झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीनें हिंदु विवाह होत नाहीं. आणि परदेशच्या व्हिसासाठीं अशा नोंदी केल्या जातात, याबद्दल खेदही व्यक्त केला. एकीकडे विवाह आहे पण मान्य कागद नाहीं, दुसरीकडे कागद आहे पण विवाह नाहीं. दोन्ही उदाहरणें शेजारीं ठेवलीं म्हणजे कागदाची खरी पायरी कळते. तो साक्षीदार आहे, कर्ता नव्हे.

मग साक्षीदार हवा तरी कशाला? आमच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं नवराबायकोंच्या जोड्या ऊसतोडणीस जातात. अशा जोडीस 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादम तिला उचल देतो. तो विवाहाचा दाखला मागत नाहीं, कारण तो माणसें ओळखतो. परंतु ओळख समुद्र ओलांडून जात नाहीं. मोहल्ल्याची साक्ष विमानांत बसवून नेतां येत नाहीं, म्हणून ती कागदावर उतरवून द्यावी लागते. त्यांत मोहल्ल्याचा अपमान नाहीं.

येथेंच नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. कागद नसल्याची झळ कोणास लागते? नवऱ्यास पासपोर्ट असतो, नोकरी असते. दाखल्यावांचून त्याचें पाऊल अडत नाहीं. अडते ती मागें राहिलेली मुलगी. आणि उद्यां नवऱ्यानें हात झटकले तर आपण पत्नी होतों हें सिद्ध करण्याचा भारही तिच्याच माथीं येतो. सुप्रीम कोर्टानें २००६ सालीं सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास राज्यांना सांगितलें. नोंदणी हा वैधतेचा शेवटचा पुरावा नव्हे, तरी पुरावा म्हणून तिचें मोल मोठें आहे, अशीच त्यामागील भूमिका होती. 'आमचा निकाह अल्लाच्या दरबारीं नोंदला आहे' असें म्हणून जो बाप ग्रामपंचायतीचा उंबरठा चढत नाहीं, त्याची श्रद्धा खरी असेल. परंतु तिची किंमत तो स्वतः देत नाहीं, मुलगी देते.

सरकारनेंही आपली बाजू सांभाळली पाहिजे. उर्दू कागद दिसतांच कपाळाला आठ्या घालण्याचें कारण मराठवाड्यांत तरी नाहीं. निजामी अमलांत येथील सरकारी दफ्तर उर्दूंत चालत असे, आणि २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं नेमलेल्या न्या. शिंदे समितीस त्याच काळच्या उर्दू व मोडी कागदांचा धांडोळा घ्यावा लागला. जो कागद जातीच्या दाखल्यासाठीं मोलाचा, त्याच लिपींतला निकाहनामा केवळ लिपीमुळें हलका ठरूं नये. नोंदणी करणाऱ्यानें त्यावरून माहिती घ्यावी, साक्षीदारांना विचारावें, आणि दाखला हातीं द्यावा. एका विवाहित स्त्रीस आपण विवाहित आहों हें सांगण्यासाठीं दहा हेलपाटे घालावयास लावूं नयेत. काजीनेंही निकाहनाम्यावर सही करतांनाच नोंदणीचा अर्ज पुढें ठेवावा. त्यास फार तर घटकाभर वेळ लागेल, आणि मुलीचीं पुढचीं कित्येक वर्षें त्यानें वांचतील.