पाचवी आज्ञा, आठवी आज्ञा आणि एक गोळी

काही विषय घरात बोलायचे नाहीत, असा आपला जुना संकेत आहे. संततिनियमन हा त्यांपैकी एक. विवाहपूर्व शिबिरात तासाभराचे एक व्याख्यान होते आणि त्यानंतर पती-पत्नी त्या प्रश्नासह एकटी उरतात. मग ही पोकळी जाहिराती, शेजारणीचा सल्ला आणि ऐकीव माहिती भरून काढतात. त्यातून दोन वाक्ये आम्हा धर्मगुरूंच्या कानी वारंवार पडतात. पहिले असे : "रोजच्या गोळ्या एक वेळ चालतील, पण ती तातडीची गोळी म्हणजे गर्भपातच!" दुसरे नेमके उलट : "रोज गोळ्या घेणे हे ठरवून केलेले पाप, अडचणीला एखादी घेतली तर त्यात काय एवढे?" ही वाक्ये बोलणारी माणसे प्रामाणिक असतात. परंतु दोन्ही वाक्यांत वस्तुस्थिती आणि नीती यांची सरमिसळ झालेली आहे. ती सोडवण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी ७ लोहाच्या. उरलेल्या २१ गोळ्यांत दोन संप्रेरके असतात. त्यांतील एकाचे नाव लेव्होनॉर्जेस्ट्रेल. या गोळ्यांमुळे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते, गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव दाट होऊन पुरुषबीजाची वाट अडते आणि गर्भाशयाचे अस्तरही पातळ होते. एकही दिवस न चुकता त्या घेतल्या तर वर्षभरात शंभरातील एकीलाही दिवस जात नाहीत. प्रत्यक्ष संसारात मात्र गोळ्या विसरल्या जातात आणि तेव्हा हे प्रमाण शंभरात सुमारे सातपर्यंत जाते.

तातडीच्या गोळीत तेच लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते, मात्र रोजच्या एका गोळीतील मात्रेच्या दहापट, म्हणजे दीड मिलिग्रॅम. संबंधानंतर ७२ तासांच्या आत ती घ्यावयाची असते. जितकी लवकर तितकी परिणामकारक. भारतात २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. रोजच्या गोळ्यांइतका भरवसा तिचा देता येत नाही. मळमळ, पाळी मागेपुढे होणे असे त्रास तिच्यामुळे होतात आणि नेहमीचा उपाय म्हणून ती घ्यावयाची नसते.

संबंधानंतर घेतलेली गोळी गर्भधारणा टाळते ती कशी? येथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. संबंध आणि गर्भधारणा या एकाच क्षणी घडणाऱ्या गोष्टी आहेत, असे आपण गृहीत धरतो. तसे नसते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यानंतर जेमतेम एक दिवस टिकते. म्हणून संबंध सोमवारी घडला आणि स्त्रीबीज गुरुवारी बाहेर पडले, तर गर्भधारणा गुरुवारी किंवा शुक्रवारी होईल. मधल्या दिवसांत ही गोळी स्त्रीबीजाचे बाहेर पडणे लांबणीवर टाकते. ती प्रक्रिया आधीच सुरू झालेली असेल, तर गोळीचा उपयोग होत नाही.

गर्भपातासाठी जी औषधे वापरतात ती वेगळी. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल अशी त्यांची नावे. रुजलेली गर्भधारणा ती मोडतात. आपल्या बोलण्यात ही औषधे आणि तातडीची गोळी एकच होऊन बसली आहेत.

तरीही तातडीची गोळी फलित बीजाला गर्भाशयात रुजू देत नाही, ही शंका हवेतून आलेली नव्हती. अनेक वर्षे खुद्द औषधाच्या माहितीपत्रकातच तशी शक्यता छापलेली असे. पुढे चिली आणि ऑस्ट्रेलिया या देशांतील संशोधकांनी रक्ततपासणीच्या आधारे, गोळी घेतली तो दिवस स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या आधीचा की नंतरचा, हे ठरवून पाहिले. ज्यांनी ती नंतर घेतली होती, त्यांच्यापैकी कित्येकींना नेहमी अपेक्षित असते तितक्याच प्रमाणात दिवस गेले. म्हणजे फलित बीजाला ही गोळी अडवत नसल्याचे दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने तेथील माहितीपत्रकातून ती जुनी शक्यता काढून टाकली. हा निष्कर्ष लेव्होनॉर्जेस्ट्रेलपुरता आहे, हे ध्यानात ठेवावे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हादेखील तातडीचाच उपाय मानतात. परंतु ती फलित बीजाला रुजू देत नाही ही शक्यता नाकारता येत नाही. एकाचा निर्वाळा दुसऱ्याला लावता येणार नाही.

आता नीतीकडे वळू. पोप पॉल सहावे यांनी २५ जुलै १९६८ रोजी 'ह्युमाने व्हिते' हे परिपत्रक प्रसृत केले. पती-पत्नीचे मीलन आणि जीवनदान या दोन अर्थांची ईश्वराने घातलेली गाठ माणसाने हेतुपुरस्सर सोडू नये, हा त्याचा गाभा. या निकषावर रोजची गोळी आणि तातडीची गोळी यांत तत्त्वतः भेद नाही. विवाहित जोडप्याने गर्भधारणा टाळण्याच्या हेतूने कोणतीही घेतली तरी प्रश्न तोच राहतो. म्हणून "रोजची चालते" हे जसे ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून सांगता येणार नाही, तसेच "एखादी घेतली तर काय एवढे" हेही नाही. तथापि, गर्भधारणा टाळणे ही एक कृती आणि निर्माण झालेला जीव नष्ट करणे ही दुसरी. दुसरीचा संबंध थेट पाचव्या आज्ञेशी, मनुष्यहत्येच्या निषेधाशी आहे. या दोहोंचे नैतिक वजन एक नाही. तातडीच्या गोळीला केवळ अस्तराच्या शंकेवरून गर्भपात म्हणणाऱ्याने हेही पाहावे की, अस्तरावरील परिणाम रोजच्या गोळीबाबतही सांगितला जातो. मग पहिलीला हत्या आणि दुसरीला सवलत, हा न्याय कोणता?

कोणी म्हणेल, व्हॅटिकनने तर या गोळीचा निषेध केला आहे. होय. २००० साली पोपमहोदयांच्या जीवनविषयक अकादमीने आणि २००८ साली 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजाने तो केला. फलित बीजाचे रुजणे रोखण्यासाठी उपाय योजणे ही जीवाविरुद्धची कृती होय, हे त्यांतील तत्त्व. ते आजही अबाधित आहे. प्रश्न एवढाच की, हे विशिष्ट औषध तसे करते काय? त्याचे उत्तर धर्मतत्त्वातून मिळत नाही. ते निरीक्षणातून मिळवावे लागते. सर्वसामान्य तत्त्वांकडून आपण तपशिलांकडे जसजसे उतरतो, तसतशी निश्चिती कमी होत जाते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे. झुडपामागे हालचाल दिसली आणि ते सावज की माणूस हे कळत नसेल, तर शिकाऱ्याने बाण सोडू नये, हा नीतिशास्त्रातील जुना दाखला आहे. तो योग्यच. परंतु झुडपामागे जाऊन पाहिल्यावर तेथे कोणी नाही असे आढळले, तर नंतरही शंका धरून बसणे याला सावधगिरी म्हणता येणार नाही.

हा भेद किती मोलाचा आहे, हे जर्मनीतील कोलोन येथे दिसून आले. तेथे बलात्काराची शिकार झालेल्या एका तरुणीला दोन कॅथोलिक रुग्णालयांनी तपासणीसाठी घेतले नाही. जानेवारी २०१३ मध्ये ही बातमी फुटली आणि देशभर क्षोभ उसळला. कोलोनचे कार्डिनल योआखिम माइस्नर हे परंपरानिष्ठ म्हणून ख्यात होते. त्यांनी क्षमा मागितली, तज्ज्ञांशी विचारविनिमय केला आणि जाहीर केले की, फलधारणाच रोखणारे औषध बलात्कारित स्त्रीला देणे समर्थनीय आहे. गर्भ नष्ट करणारे नाही. फेब्रुवारीत जर्मन बिशपांच्या परिषदेने हीच भूमिका स्वीकारली. अमेरिकेतील बिशपांच्या रुग्णालयविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही, फलधारणा झाल्याचा पुरावा नसेल तर अशा स्त्रीला ती रोखणारे उपचार देता येतात, असे म्हटले आहे. कारण उघड आहे. 'ह्युमाने व्हिते' बोलते ते पती-पत्नीच्या मुक्त आत्मदानाविषयी. जेथे दान नाही, केवळ आक्रमण आहे, तेथे त्या आक्रमणाचा पुढचा परिणाम रोखणे हे स्वसंरक्षण होय.

पाचव्या आज्ञेचे रक्षण करताना आठवी आज्ञा विसरून चालणार नाही. ती खोट्या साक्षीला मनाई करते. घडलेली नाही अशी हत्या एखाद्या स्त्रीच्या माथी मारणे ही खोटी साक्षच होय, मग ती कितीही भक्तिभावाने दिलेली असो. एका रात्री घाबरून घेतलेल्या गोळीमुळे "मी माझे मूल मारले" असे ओझे वर्षानुवर्षे वाहणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांना वस्तुस्थिती सांगणे म्हणजे नियम शिथिल करणे नव्हे. प्रायश्चित्त संस्कारात माणसाने आपले खरे पाप आणावे. न केलेल्या पापाची क्षमा मागण्याची वेळ कोणी कोणावर आणू नये.

ही खोटी साक्ष आणखी एका प्रकारे दिली जाते. अनियमित पाळी किंवा असह्य वेदना यांसाठी डॉक्टर अविवाहित मुलींनाही त्याच रोजच्या गोळ्या लिहून देतात. उपचारासाठी घेतलेले औषध, त्यामुळे गर्भधारणा तात्पुरती टळत असली तरी, निषिद्ध नाही, असे 'ह्युमाने व्हिते'नेच म्हटले आहे. पर्समध्ये ते पाकीट दिसले म्हणून मुलीच्या चारित्र्याची चर्चा करणाऱ्या आत्या-मावशींनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

शेवटी पुरुषांविषयी. संततिनियमनाच्या साधनांना सवयीने जवळ केलेला पुरुष पत्नीविषयीचा आदर गमावून तिला केवळ उपभोगाचे साधन समजू लागेल, अशी भीती पोप पॉल सहावे यांनी १९६८ मध्येच व्यक्त केली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतः नसबंदी करून घेतली होती. पतीने ती करून घेतली असे प्रमाण अवघे ०.३ टक्के. ख्रिस्तसभा नसबंदीचे समर्थन करीत नाही. पण भार कोणाच्या शरीरावर पडतो ते हे आकडे सांगतात. दुकानातून गोळी आणून हातावर ठेवली की आपली जबाबदारी संपली, असे मानणारा पती दहापट मात्रेचे औषध पत्नीला गिळायला लावतो आणि स्वतःच्या मनाला तसूभरही वळण लावत नाही. बिलिंग्ज दांपत्याने रूढ केलेली नैसर्गिक पद्धत ख्रिस्तसभा सुचवते. त्या पद्धतीत पत्नीच्या शरीराची लय पतीलाही शिकावी लागते आणि थांबावे दोघांनाही लागते. ती अवघड आहे, हे मान्य. परंतु तिची अडचण दोघांत वाटली जाते.

तेव्हा पुढच्या वेळी ही चर्चा निघाली, तर निवाडा देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे औषध नेमके करते काय? ते घेण्यामागचा हेतू कोणता? आणि जिने ते घेतले, तिच्यावर ती वेळ कोणी आणली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे मिळेल, दुसऱ्याचे सदसद्विवेकबुद्धीकडे. तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा त्याच घरात, दुसऱ्या खुर्चीवर बसलेले असते.