शिवलेल्या वस्तूचे वाजवी मोल

हिंगोली जिल्ह्यातील एका उपदेशक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांच्या मंडळीतील एका विधवा भगिनीने एक गोधडी शिवली. गिऱ्हाईक ७०० रुपये देऊ लागले. बाई २,००० रुपयांखाली येईना. तेव्हा मंडळीतलीच काही माणसे म्हणू लागली की, जुन्या लुगड्यांसाठी एवढे पैसे मागणे हा लोभ होय. बंधू विचारतात, यात दोष कोणाचा? प्रश्न लहान दिसतो, परंतु तो न्यायाचा आहे. म्हणून वाचकांनी आम्हांबरोबर त्याचा सावकाशपणे विचार करावा.

गोधडी कशी होते हे आपल्या घरांत सर्वांस ठाऊक आहे. जुनी लुगडी धुऊन, उसवून, एकावर एक पसरावयाची. सुरकुती राहू द्यावयाची नाही. वर रंगांचा मेळ पाहून तुकडे जोडावयाचे. मग काठापासून आत धावदोरा घालीत जावयाचे. आता हिशेब करू. समजा, बाईने रोज ४ तास याप्रमाणे १२ दिवस काम केले. म्हणजे ४८ तास, अर्थात ८ तासांचे पुरे ६ दिवस झाले. दोरा, सुया व अस्तराचे नवे कापड यांस २५० रुपये लागले असे धरू. ७०० तून ते वजा जाता राहिले ४५०. म्हणजे दिवसाला ७५ रुपये. तीच बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपणीस गेली असती आणि तिला दिवसाला ३०० रुपये मिळाले असते असे धरले, तर ६ दिवसांचे १,८०० झाले असते. त्यात साहित्याचे २५० मिळविले की २,०५० होतात. बाईने २,००० मागितले. हा लोभ कोठून झाला?

यावर कोणी म्हणेल, "खुरपणी हे काम आहे, गोधडी तर तिने रिकाम्या वेळात शिवली." हा रिकामा वेळ कोणता, हे आपण पाहिले आहे काय? दळण, पाणी, स्वयंपाक व मुले उरकल्यावर जो वेळ उरतो, तो झोपेचा असतो. वसमत व हिंगोली येथील बाजारांत हळदीची बोली लागते. हळद उत्पन्न करणाऱ्यास बियाणे, खत, काढणी, शिजविणे व वाळविणे यांचा खर्च येतो. भाव पडला तर आपण सर्व त्याच्याबरोबर हळहळतो. त्यास कोणी असे म्हणत नाही की, "तुझे शेत नाही तरी रिकामेच पडले असते, मग दाम कशाला?" जे शेतकऱ्यास म्हणावयास आपणांस लाज वाटेल, ते शिवणाऱ्या बाईस आपण सहज म्हणतो. आणि हे कोठे? तर ज्या जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानिले जाते, तेथे. नामदेव शिंपी कुळातले होते. सुईदोऱ्याचे काम हलके नव्हे, हे या मुलखास निराळे सांगावयास नको.

परंतु केवळ तास मोजून न्याय पुरा होत नाही. नवशिकी मुलगी तीच गोधडी ९६ तासांत शिवील आणि तिचे टाके वाकडे पडतील. वेळ हेच एक माप धरले, तर तिला दुप्पट द्यावे लागेल. उलट जिचा हात पंचवीस वर्षांत तयार झाला, तिला आपण सांगू की, "तू तर लवकर आटोपलेस, तुला कमी." हे दोन्ही उफराटे आहे. चपळ हाताची चपळाई फुकट आलेली नसते. ती शिकताना जे कापड वाया गेले, जे टाके पुन्हा उसविले, त्यांचे मोल त्या वेळी कोणी दिले नव्हते. म्हणून आमच्या मते माप असे असावे: साहित्याचा खरा खर्च, सरावाच्या हातास जेवढा वेळ साधारणपणे लागतो तेवढ्याची जगण्यास पुरेल अशी मजुरी, आणि त्यावर कसबाबद्दल काही अधिक.

आता गिऱ्हाइकाची बाजूही ऐकली पाहिजे. तेही बहुधा गरीब असते. सोलापूरची यंत्रमागावरील चादर पुष्कळ कमी दामात मिळत असता त्याने २,००० का द्यावे? आमचे उत्तर असे की, त्याने ती चादर खुशाल घ्यावी. त्यात कोणाचा अन्याय नाही, कारण गोधडी घेण्याचे बंधन कोणावर नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा आपणांस हातची वस्तू हवी असते, पण दाम यंत्राचे द्यावयाचे असते. मधली तूट नाहीशी होत नाही. ती शिवणारी बाई आपल्या डोळ्यांनी, पाठीने व मुलांच्या तोंडच्या घासाने भरून काढते. गरिबाने आपणांस दिलेले ते दान आहे. फरक इतकाच की ते तिच्या खुशीने दिलेले नाही.

दान आणि सौदा यांचा हा घोटाळा आपल्या मंडळ्यांत विशेष होतो. यापो येथील दुर्कस विधवांकरिता वस्त्रे शिवीत असे, हे आपण मुलांस शिकवितो. पण तिने ती आपण होऊन दिली. कोणी भाव पाडून तिच्याकडून घेतली नाहीत. आणि पौल करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करीत राहिला, तो त्या धंद्यावर पोट चालावे म्हणूनच. "सेवा समजून कमीत द्या," असे दुसऱ्यास सांगणारा स्वतः कोणती सेवा करीत असतो, हे त्याने पाहावे.

हा प्रश्न नवा नाही. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघापुढे १९३५ साली तो उभा राहिला. कातणाऱ्या स्त्रियांस दिवसभराच्या कामाचे फार थोडे मिळत असे. गांधीजींनी आग्रह धरिला की, ८ तासांच्या चांगल्या कामास ८ आणे हे ध्येय असावे. खादी महागेल व खपणार नाही, अशी भीती पुष्कळांनी घातली; तरीही संघाने मजुरीस निर्वाहाचे माप लावण्याचे ठरविले. पुढे अहमदाबादेत १९७२ साली एला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना काढिली. तेथे गिरण्यांच्या चिंध्यांपासून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायांनी एकत्र येऊन व्यापाऱ्यांकडे मजुरी वाढवून मागितली, व नंतर स्वतःची सहकारी संस्था उभारली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांविषयी १७७ वा करार संमत केला, त्यातही मोबदल्याच्या बाबतीत त्यांस इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे हे तत्त्व आहे.

शिवणाऱ्या भगिनींचेही कर्तव्य आहे. गोधडीच्या आतले थर विकत घेणाऱ्यास दिसत नाहीत. तेथे कुजके कापड घालून वर नवे तुकडे लावणे ही चोरीच होय. लागले नाहीत ते तास सांगू नयेत. आणि शेजारणीचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी आपला भाव पाडू नये. आज एकीने ७५ रुपये रोज पत्करला की उद्या सगळ्यांवर तोच रोज येतो.

तेव्हा उपदेशक बंधूंस आमचे सांगणे असे की, त्या भगिनीचा दोष नाही. गिऱ्हाइकास ऐपत नसेल, तर त्याने तसे मोकळेपणाने सांगून परत जावे. तिला लोभी म्हणू नये. २,००० देणारे कोणी न मिळण्याचाही संभव आहे, हे आम्ही लपवीत नाही. तसे झाले तर कमी वेळात होणाऱ्या लहान वस्तू तिने शिवाव्या, किंवा बचत गटाच्या भगिनींनी मिळून दूरचे गिऱ्हाईक शोधावे. मात्र मंडळीच्या स्त्रियांनी एक वही ठेवावी, आणि प्रत्येक वस्तूपुढे साहित्य किती लागले, तास किती गेले व कसबाबद्दल काय धरिले, हे लिहीत जावे. पुढल्या वेळी कोणी भाव पाडू लागले तर ती वही त्याच्यापुढे ठेवावी. ती वाचून झाल्यावरही ७०० च देईन असे म्हणावयास आपल्यापैकी किती जण धजतील?