स्वदेहाविषयीची अहिंसा

योगशास्त्रात यमांची गणना अहिंसेपासून सुरू होते आणि आसनाचा विचार यमनियमांनंतरच येतो, हा क्रम केवळ मांडणीच्या सोयीसाठी ठरला असे मला वाटत नाही. परंतु अहिंसा म्हटली की आपल्यापुढे नेहमी दुसऱ्याचाच देह उभा राहतो, आणि स्वतःच्या देहावर केलेल्या जुलमाला आपण निश्चय, जिद्द, क्वचित तपश्चर्या अशी भारदस्त नावे देऊन मोकळे होतो. स्वदेहही अहिंसेच्या कक्षेत येतो काय, हा प्रश्न व्यायामाच्या सतरंजीवर जितका स्पष्ट होतो, तितका क्वचितच अन्यत्र होत असेल.

नवशिका मनुष्य पश्चिमोत्तानासनाला बसतो तेव्हा काय घडते ते पाहावे. पाय समोर पसरलेले, गुडघे ताठ, नजर अंगठ्यांवर खिळलेली. हाताची बोटे अंगठ्यांपासून वीतभर दूरच राहतात, आणि शेजारचा गृहस्थ कपाळ गुडघ्यांना टेकवून स्वस्थ असल्याचे दिसताच हा श्वास कोंडून, दातओठ खाऊन, कमरेतून हिसके देऊ लागतो. मांडीच्या मागचा स्नायू त्या हिसक्यांना वश होत नाही. उलट अधिकच आखडतो. स्नायूंमध्ये ताण जोखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. आकस्मिक ओढ बसताच त्यांची वर्दी मज्जारज्जूकडे जाते आणि मेंदूच्या मंजुरीची वाट न पाहता तेथूनच आकुंचनाचा हुकूम सुटतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ साली वर्णिली. योगायोग असा की, त्याच साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांची शास्त्रीय रुजुवात आरंभिली.

उलटपक्षी, थोडे चालून अंग तापल्यावर, गुडघे किंचित सैल ठेवून, ताण जाणवेल पण कळ उठणार नाही एवढ्याच हद्दीपर्यंत वाकावे आणि संथपणे श्वास सोडीत वीस-तीस सेकंद तेथेच राहावे, म्हणजे तोच स्नायू आपला विरोध हळूहळू मागे घेतो. पतंजलींनी आसनाला अवघी तीन सूत्रे दिली आणि त्यांतल्या एकात प्रयत्नाच्या शैथिल्याचा उपाय सांगितला, तो आळशाची सोय म्हणून खचित नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, तपही नियमांतच आहे, आणि क्लेशावाचून तप कसले? आक्षेप वजनदार आहे. परंतु व्यासभाष्याने तपाला मर्यादा घातली आहे ती चित्ताच्या प्रसन्नतेची. ती भंगणार नाही इतपतच तप आचरावे, असा त्याचा स्पष्ट निर्वाळा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर दंभाने व अहंकाराने शरीर कष्टविणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केलेली आहे. रोज ठरल्या वेळी सतरंजीवर बसणे, कालची प्रगती आज दिसली नाही तरी न उठणे, हे तप. शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी शीर ओढून घेणे, ही हिंसा. पहिल्याचा कंटाळा येतो आणि दुसऱ्याचा अभिमान वाटतो, म्हणून माणसे दुसरेच अधिक करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंगठा गाठण्याची मुदत कोणी ठरवून दिलेली नाही. तेव्हा नव्याने आरंभ करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, वाकताना श्वास अडकला, किंवा गुडघ्यामागे टोचल्यासारखे वा मुंग्या आल्यासारखे वाटले, तर त्याच क्षणी मागे यावे.