साक्ष आणि दया



इराणातून जीव वाचवून निघालेले विद्वान शाह ताहिर परांड्यास पोहोचले. बुऱ्हाण निजामशाहाचे गुरू पीर मुहम्मद शिरवानी यांनी तेथे त्यांची विद्वत्ता पाहिली आणि ती आपल्या शिष्याच्या कानी घातली. 1522 साली ताहिर यांना अहमदनगरात आश्रय मिळाला. जाणकाराच्या शब्दाने परागंदा माणसाला छत्र लाभले.

आज ब्रिटनसारख्या देशांत आश्रयाचा खटला चालतो, तेव्हा अर्जदाराच्या मायदेशाची स्थिती सांगण्यासाठी संशोधकाला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावतात. बोलावणारा बहुधा अर्जदाराचा वकील असतो. संशोधकाचे कर्तव्य मात्र न्यायासनाशी असते. अर्ज फेटाळला गेला, तर समोरचा माणूस कदाचित जिवास मुकेल. मग दयेपोटी चार शब्द वाढवून सांगावेत काय?

पवित्र कुरआन साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी ठरवतो (सूरह अल-बकरा : 283). तोच कुरआन ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागण्यास मनाई करतो (सूरह बनी इस्राईल : 36). म्हणजे मौन जसा अपराध, तशीच अतिशयोक्तीही. मनाला हे कठोर वाटेल. परंतु एकाची अतिशयोक्ती उघडी पडली, की उद्याच्या खऱ्या पीडिताच्या बाजूची साक्षही संशयास्पद ठरते. त्याच्यावरील या अन्यायाचा जाब कोण देणार?

आपणही मोहल्ल्यात सोयरिकीसाठी, नोकरीसाठी, कधी न्यायालयात कुणाबद्दल शब्द टाकतो. जेवढे ठाऊक, तेवढेच सांगावे. पण तेवढे निर्भयपणे आणि पूर्ण सांगावे. दया आपल्या घरातून, आपल्या कमाईतून करावी. साक्षीत भर घालून नव्हे.