मूठभर दाणे आणि शेजाऱ्याचा श्वास

खिडकीच्या कठड्यावर येऊन बसणाऱ्या पारव्यापुढे मूठभर ज्वारी टाकणे, ही कृती नीतिविचाराचा विषय होण्याइतकी गंभीर आहे काय? आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला जेवण्यापूर्वी घास काढून ठेवावयास शिकविले. तो गाईचा, कावळ्याचा, दारी आलेल्या अतिथीचा. पाखरांना दाणे टाकणाऱ्याला आपल्या कृतीचे समर्थन करावे लागेल, अशी कल्पनाही त्यांना शिवली नसती. आज ते करावे लागते, आणि करू गेल्यास वाटते तितके सोपे जात नाही. जे पुण्य म्हणून निर्विवाद मानले गेले त्याच्यावर न्यायालयात युक्तिवाद व्हावा, याचे पुष्कळांना दुःख होते. मला होत नाही. निर्विवाद पुण्याचीही अधूनमधून उलटतपासणी व्हावी असे मला वाटते. व्यवसायाने लावलेले वळण म्हणा हवे तर.

ज्याच्याविषयी बोलावयाचे तो पक्षी कोण, हे आधी पाहू. पाळीव तो कबूतर आणि रानचा तो पारवा, असा भेद मराठी माणूस ढोबळपणे करतो. कोकणीतही तो पारवोच. मुळात हा कड्याकपारींत राहणारा. आपण उंच इमारती बांधल्या, त्यांना सज्जे आणि पोटमाळे काढले, आणि त्याला त्या कपारीच वाटल्या. परंतु शहरात दिसणारे बहुतेक पारवे निखळ रानटी नव्हेत. माणसाने सहस्रावधी वर्षे जे कबूतर पाळले, त्यातले सुटलेले, सोडून दिलेले, आणि मूळचे रानचे, यांचा तो मिश्र वंश आहे. म्हणजे आपल्याकडे येणारा हा पाहुणा पूर्णपणे परका नाही आणि पूर्णपणे आपलाही नाही. मैत्रीला हीच जागा फार अनुकूल असते.

आणि ही मैत्री एकतर्फी असते असे समजण्याचे कारण नाही. पॅरिसमधील एका उद्यानात शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, त्याचा वृत्तांत २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन व्यक्ती निरनिराळ्या रंगांचे डगले घालून पारव्यांना दाणे घालीत. त्यांतील एक पाखरांना हुसकावून लावी, दुसरी स्वस्थ राही. पुढे दोघींनी डगल्यांची अदलाबदल केली, तरी पाखरे हुसकावणारीलाच टाळत राहिली. त्यांनी वस्त्र ओळखले नव्हते, माणूस ओळखला होता. ज्याला कोणी ओळखते त्याच्यावर काहीतरी ऋण चढते, असे मला वाटते. भिक्षेकऱ्याने आपल्याला नावाने हाक मारली की आपली चाल मंदावते, तसेच हे आहे.

परंतु हे ऋण फेडावयाचे कोणाच्या खर्चाने?

महाभारताच्या वनपर्वात कपोत आणि ससाणा यांची कथा एकदा उशीनर राजाच्या नावे आणि एकदा त्याचा पुत्र शिबी याच्या नावे येते. शरण आलेल्या पाखरासाठी राजाने आपल्या देहाचे मांस तराजूत घातले, एवढाच भाग आपण लहानपणी ऐकतो. ससाण्याचा युक्तिवाद मात्र कीर्तनकार सहसा घाईने उरकतात, आणि मला तर तोच कथेचा गाभा वाटतो. ससाणा म्हणतो, तू याला वाचविलेस तर मी उपाशी मरेन, माझ्यामागे माझी बायकामुले मरतील. एका धर्माने दुसऱ्याचा घात होत असेल तर त्याला धर्म म्हणता येत नाही. हा वकील तोडीचा आहे. आणि राजा त्याला उडवून लावीत नाही. तो दुसरे पशू देऊ करतो, ते नाकारले गेल्यावर स्वतःच्या मांडीला सुरी लावतो. कपोताचे वजन वाढतच जाते, तेव्हा स्वतःच पारड्यात चढतो. शेजारच्या गावातून कोणाला तरी आणून पारड्यात बसविण्याचा विचार त्याच्या मनात येत नाही.

आपण कठड्यावर दाणे टाकतो तेव्हा ज्वारी आपल्या डब्यातली असते, हे खरे. पण दुसऱ्या पारड्यात ज्वारी नसतेच. पारव्यांच्या विष्ठेतील आणि पिसांच्या बारीक धुळीतील प्रथिने दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिली तर काही व्यक्तींच्या फुप्फुसांना त्यांचे वावडे निर्माण होते. फुप्फुसाला सूज येते. ती वर्षानुवर्षे राहिली तर त्याचा मऊ भाग तंतुमय होऊन ताठरतो, आणि ताठरलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. हे सर्वांना होत नाही. कोणाला होईल हे आधी सांगताही येत नाही. दाणे टाकणारा धडधाकट राहावा आणि खालच्या मजल्यावरच्या स्त्रीला जिना चढताना धाप लागावी, असे घडू शकते. सुविधाधिकारांविषयीच्या १८८२ च्या कायद्यातील ७ व्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत आपल्या जमिनीवर येणारी हवा इतरांनी अवाजवी दूषित करू नये हा प्रत्येक मालकाचा अधिकार सांगितला आहे. मसुदा करणारांच्या डोळ्यांपुढे धुराडी असावीत, पारवे नव्हेत. पण शब्द लागू पडतात. सजीवांविषयी अनुकंपा बाळगण्याचे जे कर्तव्य १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकावर घातले, ते पर्यावरणाच्या संरक्षणाबरोबर एकाच वाक्यात घातले आहे, हेही भूतदयेचे पुरस्कर्ते क्वचितच वाचून दाखवितात.

असेच एक प्रकरण बडोद्यात माझ्याकडे आले. दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या इमारतीतील गृहस्थांच्या पत्नीला दोन वर्षे खोकला आणि धाप होती. वैद्यांनी पाखरांपासून दूर राहावयास सांगितले होते. वरच्या मजल्यावर एक वृद्ध विधवा राहतात, माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या. त्यांच्या कठड्यावर रोज सकाळी साठसत्तर पारवे उतरतात. ते गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, नोटीस द्या. पाच वेळा हात जोडून सांगितले." नोटिशीचा मसुदा करावयास मला अर्धा तास पुरला असता. मी तो केलाही. परंतु धाडण्यापूर्वी जिना चढून वर गेलो.

काकूंनी चहा दिला आणि सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अरे, मुलगा रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस माझी वाट पाहणारे हेच. यांनाही येऊ नका म्हणून सांगू?" खालच्या बाईंच्या धापेविषयी त्यांना मनापासून वाईट वाटत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते, पण त्या धापेचा आणि आपल्या मुठीचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. दाण्यातून अपाय कसा व्हावा?

येथे मला गुजरातेतील चबुतऱ्याची आठवण होते. पोळींच्या चौकात किंवा गावाच्या वेशीशी एका उंच खांबावर नक्षीदार छत्री उभारलेली असते. लोक तेथे पाखरांसाठी चण, म्हणजे दाणे, ठेवतात. दया सार्वजनिक जागी, सर्वांच्या संमतीने आणि कोणाच्याही खिडकीपासून दूर करावयाची, ही त्यामागची योजना मला फार शहाणपणाची वाटते. मात्र चबुतरे जागच्या जागी राहिले आणि भोवतालची घरे मजल्यामजल्यांनी चढत त्यांच्या अंगावर आली. मुंबईतही तेच झाले. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पारव्यांना दाणे टाकण्याविरुद्ध कठोर पावले उचलण्यास सांगितले, ऑगस्टच्या आरंभी महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, आणि ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री ओढून काढली. पुढे त्याला धर्माचा आणि भाषेचा रंग चढला. फुप्फुसाला कोणतीच भाषा नसते हे तेथे कोणी ऐकून घेईना.

पाखरांच्या बाजूने विचार केला तरी मुबलक दाणे हे वरदान ठरत नाहीत. अन्न मिळाले की पारवा बहुतेक वर्षभर अंडी घालतो, एका वेळी दोन. अठराएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि नरमादी दोघेही आपल्या अन्नकोशात पाझरणारे दुधासारखे द्रव्य त्यांना भरवितात. दाटी वाढते, रोगराई वाढते, घरट्याच्या जागेसाठी झुंजी होतात. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराने पारवे मारून पाहिले, संख्या घटली नाही. १९८८ पासून त्यांनी नागरिकांना दाणे कमी टाकावयास समजाविले, ठरावीक खुराडी बांधून तेथील अंडी काढून घेतली. चारसाडेचार वर्षांत पारवे जवळजवळ निम्म्यावर आले.

तेव्हा एका दिवसात दाणे थांबवावेत असे मी काकूंना सांगितले नाही. घरट्यात पिल्ले असताना ते मला क्रौर्याचे वाटले. थोडे थोडे कमी करीत जावे आणि उरलेली मूठ नदीकडच्या मोकळ्या जागेवर जावी, असे ठरले. काकूंना जिना उतरवत नाही. ते दाणे कोण नेणार, या प्रश्नावर खालच्या गृहस्थांचा धाकटा मुलगा कॉलेजला जाता जाता नेईल असे निघाले. हे माझ्या मसुद्यात कोठेच नव्हते. कठड्याला जाळी बसली आहे. पारवे अजून येतात, जाळीबाहेर बसतात, आणि काकू आतून त्यांच्याशी बोलतात. गृहस्थांनी कागद परत नेलेले नाहीत. दिवाळीनंतर पत्नीच्या श्वासाची पुन्हा तपासणी व्हावयाची आहे, तोवर नोटीस माझ्याकडेच राहू द्या म्हणाले.