हक्काची विश्रांती

विश्रांती म्हणजे आळसाचे सभ्य नाव, अशी समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. परंतु आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानणाऱ्या चरकसंहितेने निद्रेला अन्नाच्याच पंक्तीस बसविले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. कानांत साच्यांचा अखंड खडखडाट, नाकातोंडात कापसाचे तंतू आणि कोंदट उष्ण हवा, अशा स्थितीत उभ्या असलेल्या कामगाराला आठवड्याच्या सुट्टीचा ठरलेला वार असा नव्हताच. ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही कैफियत गिरणीमालकांपुढे आणि सरकारदरबारी चिकाटीने मांडली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. आपण जिला निसर्गदत्त मानतो ती सुट्टी अशी झगडून मिळविलेली आहे!

श्रमाने झिजलेल्या स्नायूंच्या डागडुजीला गाढ निद्रेचा मोठा हातभार लागतो. आजारातून उठलेल्या शरीरालाही तशीच उसंत हवी असते; म्हणूनच ताप उतरताच कचेरीत हजर होणाऱ्याची कर्तव्यनिष्ठा मला कौतुकास्पद न वाटता अविचारी वाटते.

मात्र रविवारी ज्या गृहिणीच्या चुलीवर नेहमीपेक्षा दोन पदार्थ अधिकच शिजतात, तिच्या रजेचा अर्ज अद्याप कोणाच्याच दप्तरी दाखल झालेला नाही. श्रोतेहो, येत्या रविवारी तो आपणच मंजूर करावा, ही विनंती.